मागचा बाक नसलेली मुलं

मार्च-एप्रिलमध्ये माझा फोन जास्त वाजतो. शाळांची नव्या वर्षाची फी भरायची वेळ आलेली असते आणि पुण्यातल्या कुठल्यातरी घरात त्यावरून आईबाबांची रात्री उशिरापर्यंत चर्चा झालेली असते. ‘‘मुलीला शाळेतून काढायचं म्हणतोय. तुम्ही होमस्कूलिंगच्या मुलांना शिकवता असं कळलं.’’ मी गणित शिकवते, सल्ला देत नाही, असं सांगून बघते. उपयोग होत नाही. मग भेटायला या म्हणते. येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या बोलण्यात ‘तोत्तोचान’ असतं. ते पुस्तक वाचून शाळा सोडावीशी वाटणाऱ्या पालकांची मला गंमत वाटते, कारण त्या पुस्तकात एक शाळाच आहे. पहिल्या शाळेनं काढून टाकल्यावर तोत्तोचानची आई तिला घरी बसवत नाही, कोबायाशी नावाच्या मुख्याध्यापकांच्या शाळेत नेऊन घालते.

मी स्वतः शाळेतली. आठवी ते दहावीला गणित शिकवण्यात उमेदीची वर्षं गेली. वर्गात साठच्या आसपास मुलं, पस्तीस मिनिटांची तासिका, त्यातली पाच मिनिटं हजेरीत आणि दोन-तीन ‘वही आणली नाही’ ऐकण्यात. नोकरी सोडली ती सासूबाईंच्या आजारपणामुळे, शाळेवर रुसून नाही. घरी आहे म्हटल्यावर सोसायटीतल्याच एका आईनं विचारलं. तिनं मुलाला चौथीनंतर शाळेतून काढला होता, अपूर्णांकांपाशी गाडी अडली होती. त्याच्यामागून आणखी दोघं आली, मग त्यांच्या ओळखीतली. आता नऊ ते पंधरा वयाची मुलं सकाळी माझ्या बाहेरच्या खोलीत चटईवर बसतात. कुणी मला मावशी म्हणतं, कुणी काकू. बाई कुणीच म्हणत नाही.

साठ मुलांच्या वर्गात शिक्षकाला खरोखर दिसतात ती दहा-बारा. पुढे धावणारी काही आणि मागे पडलेली काही. मधली सगळी वर्षभर नजरेत न भरता वरच्या वर्गात जातात. प्रगतिपुस्तकावर ‘समाधानकारक’ लिहिताना चेहरा आठवावा लागायचा अशी मुलं माझ्याही वर्गात होती. घरी शिकणाऱ्या मुलाच्या बाबतीत नेमकं उलटं असतं. त्याच्यावरून कुणाची नजर हटतच नाही. होमस्कूलिंगचं जे चांगलं मी पाहिलं आणि जे मला खटकलं, ते दोन्ही या एकाच गोष्टीतून निघतं असं माझं मत झालं आहे.

आधी चांगलं सांगते.

एका पावसाळ्यात अकरा वर्षांच्या एका मुलीला मी कापरेकरांचा 6174 दाखवला. द. रा. कापरेकर देवळालीला शाळेत शिक्षक होते, नाशिकच्या बाजूचे लोक त्यांच्याबद्दल अजून आपुलकीनं बोलतात. चार अंकी कुठलीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं लिहा, मग चढत्या क्रमानं लिहा, मोठीतून छोटी वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच करा. 3524 घेतली तर 5432 वजा 2345 म्हणजे 3087, मग 8352, मग 6174. तिथं पोचलात की तिथंच राहता, कारण 7641 वजा 1467 पुन्हा 6174. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत हे होतंच. शाळेत हे मी ऑफ तासाला दाखवायचे, मुलं ‘भारी आहे’ म्हणायची, घंटा व्हायची.

या मुलीची घंटा झालीच नाही. तिनं दुसऱ्या दिवशी वही भरून आणली. तीन अंकी संख्यांचं काय होतं? 495. ते तिनं स्वतः शोधलं. दोन अंकी? तिथं ती अडकली, रडकुंडीला आली, कारण काही केल्या एक संख्या सापडेना. 9, 81, 63, 27, 45 आणि पुन्हा 9. हे चक्र आहे, यातून बाहेर पडता येत नाही, हे तिला चार-पाच दिवसांनी रात्री जेवताना सुचलं म्हणे. मग पाच अंकी. तिथं हातानं दमछाक झाली म्हणून थोरल्या भावाकडून संगणकाची पायथॉन भाषा शिकली आणि तिथंही एक संख्या नाही, वेगवेगळी चक्रं आहेत असं मला येऊन सांगितलं. या सगळ्यात आमचे दशांश अपूर्णांक मागे पडले. भूगोल तर तिच्या आईच्या म्हणण्यानुसार जुलैत सुरूच झाला नाही. ऑक्टोबरात तिनं दशांश अपूर्णांक चार बैठकांत संपवले.

असा सलग वेळ शाळा देऊ शकत नाही. चांगल्या शाळेतला चांगला शिक्षकही देऊ शकत नाही, कारण शेजारच्या एकोणसाठ जणांना 6174 मध्ये रस नसतो. घरी शिकणारी मुलं आणखी एक करतात, न पटलेलं ती मान्य करत नाहीत. ऋण गुणिले ऋण धन का, हा प्रश्न शाळेत मला वर्षाकाठी एखादा मुलगा विचारायचा आणि बाकीचे ‘परीक्षेला येणार का’ असं विचारायचे. इथं प्रत्येक जण अडून बसतो. त्यामुळे मला नव्यानं अभ्यास करावा लागला, हेही सांगायला हवं.

आणि काही मुलांना तर घरानं अक्षरशः वाचवलं. एक मुलगा तिसरीत असताना फळ्यावरचं उतरवून घेऊ शकत नव्हता, वर्गात त्याला ‘ढ’ म्हणायचे. पोर सकाळी उलट्या करायचं. घरी आल्यावर सहा-आठ महिने त्याला कुणी वही धरायला लावलीच नाही. वडील त्याच्याबरोबर सुतारकाम करायचे. माझ्याकडे आला तेव्हा त्याला इंच आणि सूत तोंडपाठ होते, त्यामुळे आठांश, सोळांश हे अपूर्णांक त्याला शिकवावे लागलेच नाहीत. वाचन त्याला अजूनही जड जातं. पण आपण मठ्ठ आहोत असं तो आता समजत नाही.

आता दुसरी बाजू.

सुरुवातीला मी काही मुलांकडे त्यांच्या घरी जाऊन शिकवायची. एका घरी आई स्वयंपाकघरात असायची, दार अर्धं लोटलेलं. मी मुलाला काही विचारलं की तो उत्तर द्यायच्या आधी त्या दाराकडे बघायचा. आतल्या भांड्यांचा आवाज थांबलेला असायचा. त्या बाईंनी मुलाला कधी मारलं नाही, रागावल्याही नसाव्यात. पण तो चुकला की त्या दिवशीचं त्यांचं सगळं शिकवणं चुकल्यासारखं त्यांना व्हायचं, आणि ते त्याला कळायचं. शाळेतल्या मुलाला घटक चाचणीत वीसपैकी सात पडले तर शाळेला दोष देता येतो, बाईंना देता येतो, शेजारच्याला सहा पडले म्हणून समाधानही मानता येतं. या मुलानं आईखेरीज कुणाला दोष द्यायचा? म्हणून तो चुकायचंच टाळायचा. सोपं विचारलं की उत्तर, अवघड विचारलं की ‘मला भूक लागली’.

आईबद्दल एवढं बोलले तर पुढचंही बोलायला हवं. मला भेटायला आलेल्या जोडप्यांमध्ये जॉन होल्ट आणि इव्हान इलिच या शाळांवर टीका करणाऱ्या लेखकांची नावं बहुतेकदा बाबा घेतात. इलिचचं ‘डीस्कूलिंग सोसायटी’ हे पुस्तक 1971 चं, आपण किती मागे आहोत बघा, वगैरे. मग मी विचारते, सकाळी दहा ते चार घरी कोण असतं? बाबा थांबतात आणि आईकडे बघतात. तत्त्वज्ञान बाबांचं, वेळापत्रक आईचं. अपवाद आहेत, सुतारकामवाले वडील आहेतच. पण मी पाहिलेल्या बहुतेक घरांत नोकरी आईनं सोडली. त्यातल्या एक बँकेत अधिकारी होत्या, एक चांगल्या पगारावर आयटीत. मुलगी दहावी होईपर्यंत दहा वर्षं गेली, तोवर त्यांचं क्षेत्र कुठल्या कुठे गेलं. होमस्कूलिंग स्वस्त पडतं असं कुणी म्हणालं की मी त्यांना हा पगार मिळवून हिशेब करायला सांगते.

टाळेबंदीत, 2020 आणि 2021 साली, पुष्कळ पालकांना वाटलं की आपण होमस्कूलिंग केलं. ते शाळेचं वेळापत्रक मोबाइलच्या पडद्यावर घरात आलं होतं, एवढंच. पण त्यातून काही घरांना आपलं मूल कसं शिकतं ते पहिल्यांदा दिसलं हेही खरं. तेव्हापासून माझ्याकडचे फोन वाढले.

‘पण कायद्यानं चालतं का?’ हा ठरलेला प्रश्न. 2009 चा शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. सहा ते चौदा वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य आहे असं त्यात लिहिलेलं आहे. न घालणाऱ्या पालकाला शिक्षा मात्र लिहिलेली नाही आणि घरी शिकवण्याचा त्यात उल्लेखच नाही. या मोकळ्या जागेत ही घरं राहतात. त्याच कायद्यानं चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो, म्हणजे आठवीपर्यंत परतीची वाट उघडी असते. नववीला ती अरुंद होते. म्हणून मी पालकांना म्हणते, तेरावं वर्ष संपायच्या आत मुलाला एकदा नीट विचारा, त्याला परत जायचंय का. तुम्हाला काय वाटतं ते तेव्हा सांगू नका.

दहावीसाठी दोन रस्ते. राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म, पण तिथं शाळा सोडल्याचा दाखला मागतात आणि जे मूल कधी शाळेतच गेलं नाही त्याचा दाखला कुठून आणायचा? म्हणून बहुतेक जण एनआयओएसकडे, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयाकडे वळतात. ते 1989 पासून आहे. चौदा पूर्ण झाली की नाव नोंदवता येतं, पाच विषय, वर्षातून दोन परीक्षा, पाच वर्षांत नऊ संधी. विषय निवडायची मोकळीक मोठी, गणिताबरोबर चित्रकला आणि गृहविज्ञान घेतलेली मुलं माझ्याकडे आहेत. मराठी माध्यमातूनही परीक्षा देता येते, हे कित्येक मराठी पालकांना मी सांगेपर्यंत माहीत नसतं. तरी पुढे अधूनमधून ठेच लागतेच. 2018 साली वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेसाठी मुक्त विद्यालयाची मुलं अपात्र ठरवली गेली होती, दिल्ली उच्च न्यायालयानं ते रद्द केलं तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला. ज्या घरात तेव्हा बारावीची मुलगी होती, त्या घरातले ते चार महिने मी जवळून पाहिले. तिच्या आजोबांनी ‘मी सांगत होतो’ हे वाक्य किती वेळा उच्चारलं असेल!

परीक्षेची तयारी करून घेताना मला सर्वांत कष्ट पडतात ते लिहिण्यावर. एका मुलाला त्रिकोणमिती माझ्या शाळेतल्या कुठल्याही पहिल्या नंबरवाल्यापेक्षा चांगली येत होती. सराव परीक्षेला बसवला, तर पाऊण तासानं पेन खाली ठेवून म्हणाला, ‘‘मावशी, मला सगळं येतंय हे आता तुम्हाला कळलंय ना? मग बाकीचं कशाला लिहायचं?’’ मला हसू आलं आणि घामही फुटला. शाळेतलं मूल पहिलीपासून हात दुखेपर्यंत लिहितं, कंटाळा आला तरी बसून राहतं, नको असलेलं काम निमूटपणे संपवतं. मी शाळेत असताना याला शिस्त म्हणायचे, नंतर छळ म्हणायला लागले. हल्ली मला वाटतं, तीन तास बाकावर बसता येणं हे पोहता येण्यासारखं आहे. रोज लागत नाही, पण लागेल त्या दिवशी शिकायला वेळ नसतो.

मालविका राज जोशीचं नाव दर दुसरा पालक घेतो. मुंबईची ही मुलगी सातवीत शाळेतून बाहेर पडली, दहावी-बारावीचं प्रमाणपत्र नसताना 2016 साली अमेरिकेत एमआयटीत गेली. खरी गोष्ट आहे. पण तिला तो प्रवेश संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमधल्या तीन पदकांवर मिळाला आणि बारावी नसल्यामुळे आपल्या आयआयटीचं दार तिला बंदच होतं. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटनं मात्र तिला आत घेतलं. पालक यातला एमआयटीचा भाग सांगतात आणि चहाचा कप खाली ठेवतात. ऑलिंपियाडला न जाणाऱ्या मुलाचं काय, ते विचारलं की विषय बदलतो.

राहिला मिसळण्याचा प्रश्न. ‘तुमची मुलं चारचौघांत मिसळतात का?’ हे या पालकांना प्रत्येक लग्नात ऐकावं लागतं. मिसळतात. पंधरा वर्षांची मुलगी नऊ वर्षांच्या मुलाला शेजारी घेऊन भागाकार समजावते आणि त्यात तिला कमीपणा वाटत नाही. हे मी शाळेत पाहिलं नव्हतं, तिथं आठवीतला सातवीतल्याशी बोलत नसे. मोठ्यांशीही ही मुलं धीटपणे बोलतात. मला खटकतं ते वेगळंच. ती कुणात मिसळतात ते आईबाबांनी ठरवलेलं असतं. शनिवारची टेकडी, रविवारचं नाटकाचं शिबिर, सगळीकडे साधारण एकाच प्रकारच्या घरांतली मुलं. माझ्या शाळेत वर्गात रिक्षावाल्याचा मुलगा होता, डॉक्टरांची मुलगी होती, पोळ्या लाटून मुलांना शिकवणाऱ्या बाईंची जुळी होती. त्यांचं एकमेकांशी जमायचं असं नाही, भांडणंच जास्त. पण ती एकमेकांना माहीत होती. चटईवरच्या माझ्या मुलांना रिक्षावाल्याचा मुलगा माहीत नाही. त्यांची मराठीही मला जपावी लागते. 2020 च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची आहे, घराला सक्ती कोण करणार? मराठी आईबापांची मुलं गणितातलं शाब्दिक उदाहरण मराठीत दिलं की अडखळत वाचतात.

2015 च्या 4 जुलैला राज्यभर शाळाबाह्य मुलांची एका दिवसात पाहणी झाली. शिक्षक घरोघर, वीटभट्ट्यांवर, स्टेशनांवर फिरले, मुलांच्या बोटाला शाई लावली. मी तेव्हा नोकरीत होते. आम्ही ज्यांना शोधत होतो ती ऊसतोडीच्या, बांधकामाच्या मागून फिरणारी मुलं होती, त्यांच्या आईबापांना ती शाळेत जायला हवी होती आणि जमत नव्हतं. आज माझ्या चटईवर बसणारी मुलंही सरकारी भाषेत शाळाबाह्यच. या विचारानं मला कधीकधी अवघडायला होतं. भिडे वाड्यापासून ज्या पुण्यात मुलींच्या शाळेसाठी शेण झेललं गेलं, तिथं शाळा नको म्हणायची चैन कुणाला परवडते, ते मला दिसतं. तरी शिकवायची थांबले नाही. ‘ढ’ म्हणवला गेलेला तो मुलगाही मला दिसतोच.

चौथीनंतर शाळेतून काढलेला माझा पहिला विद्यार्थी आठवीला शाळेत परत गेला. स्वतःहून. आई महिनाभर खिन्न होती, आपलं कुठं चुकलं विचारायची. दिवाळीच्या सुट्टीत तो मला भेटायला आला. शाळा कंटाळवाणी आहे म्हणाला, गणिताच्या सरांना एका जागी त्यानं दुरुस्त केलं तर ते चिडले म्हणाला, डबा खायला वेळ पुरत नाही म्हणाला. मग परत येणार का, मी विचारलं.

‘‘नाही. मागच्या बाकावर बसलं ना मावशी, की मी काय विचार करतोय ते कुणाला कळत नाही.’’

त्यानंतर मी मुलांच्या घरी जाऊन शिकवणं बंद केलं. आता माझा नियम आहे की मूल माझ्याकडे येणार आणि आईनं किंवा बाबांनी दारातून परत जायचं. आज काय झालं हे मला फोन करून विचारायचं नाही, ते मुलानं सांगितलं तर सांगितलं. काही जण यावर नाराज होऊन दुसरीकडे गेले. एक आई मात्र दारातच उभी राहिली. सातवीच्या वयाचा मुलगा आत चटईवर जाऊन बसला होता.

‘‘मग मी दोन तास करू काय?’’

मी म्हटलं, मुलाला शाळेतून काढायच्या आधी तुम्ही काय करायचात? त्या हिशेब तपासनिसाकडे काम करायच्या. सुरुवातीला त्या खाली गाडीत बसून राहायच्या, वरच्या खिडकीकडे बघत. नंतर आमच्याच गल्लीतल्या एका कर सल्लागाराकडे अर्धवेळ काम धरलं. जुलैत रिटर्न भरायची गर्दी असते तेव्हा त्यांना वेळेवर यायला जमत नाही, त्या दिवसांत मुलगा पीएमपीच्या बसनं एकटा घरी जातो. आता तर तो त्यांना जुलै नसतानाही येऊ नका म्हणतो.